थेंबाथेंबाने जमविलेली पत : भवरलालजी जैन यांचे जीवन आणि वारसा

खानदेशातील जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, वाकोद नावाचे एक लहानसे गाव आहे. १२ डिसेंबर १९३७ रोजी या गावातील एका जैन शेतकरी कुटुंबात भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म झाला. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ठिबक सिंचनाच्या जगातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एक त्यांच्या नावाशी जोडली गेली होती आणि खानदेशातील शेतकरी त्यांना ‘मोठे भाऊ’ म्हणून ओळखत होते.

उद्योजकांची चरित्रे बहुधा चढत्या पायऱ्यांची असतात. भांडवल वाढले, कारखाने वाढले, सन्मान वाढले, असा त्यांचा क्रम असतो. भवरलालजींच्या चरित्रात हा चढ आहेच. परंतु मध्येच एक खोल उतारही आहे. तो त्यांनी लपविला नाही. उलट ज्यांचे पैसे आपल्या निर्णयामुळे अडचणीत आले, त्यांच्यापुढे तो स्वतः मांडला. पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या कुटुंबांनी या चरित्राकडे विशेष लक्ष देऊन पाहावे, ते या कारणासाठी.

मारवाडातून अजिंठ्याच्या पायथ्याशी

या कुटुंबाचे मूळ राजस्थानातील मारवाडात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या आणि पोटापाण्याच्या शोधात पूर्वज दक्षिणेकडे निघाले आणि वाकोदला स्थिरावले. महाराष्ट्रातील कितीतरी जैन घराण्यांचा इतिहास असाच आहे. कोणी लोटा-दोरी घेऊन आले, कोणी नातलगाच्या दुकानात मुनीम म्हणून राहिले, आणि दोन-तीन पिढ्यांत गावाच्या सुखदुःखाशी एकरूप झाले. ज्या कुटुंबाला पाण्याच्या दुर्भिक्षाने घर सोडावे लागले, त्याच कुटुंबातील मुलाने पुढे पाणी जपून वापरण्याचे तंत्र हा आपला जन्माचा व्यवसाय केला, हा योगायोग लक्षणीय आहे.

भवरलालजींनी वाणिज्य आणि कायदा या दोन्ही विषयांत पदवी घेतली. शासकीय सेवेचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता. खेड्यातून शिकून आलेल्या तरुणाला त्या काळी सरकारी अधिकाराचे पद म्हणजे घराण्याचे भाग्य वाटे. परंतु त्यांनी ते स्वीकारले नाही. या निर्णयामागे मातोश्री गौराई यांचा सल्ला होता, असे ते सांगत. केवळ माणसांचेच नव्हे, तर पशुपक्ष्यांचेही पोट ज्यातून भरेल असे काही कर, असा त्या सल्ल्याचा आशय होता. असे काम शेतीखेरीज दुसरे कोणते असणार? शेती हाच आपल्या व्यवसायाचा केंद्रबिंदू, ही खूणगाठ त्यांनी तेव्हा बांधली.

सात हजार रुपयांचे भांडवल

१९६३ साली व्यवसायास आरंभ झाला. भांडवल होते सात हजार रुपये, आणि ही रक्कम म्हणजे तीन पिढ्यांची एकत्रित बचत होती. पहिला माल होता रॉकेल, आणि पहिले वाहन होते हातगाडी. वाणिज्य आणि कायद्याचा पदवीधर हातगाडीवरून रॉकेल विकतो, हे दृश्य जळगावच्या बाजारपेठेत काहींना विचित्र वाटले असेल. परंतु व्यापाऱ्याच्या घरात कष्टाची लाज बाळगण्याची रीत नाही.

पुढील दीड दशकात या व्यवसायाला एकेक शाखा फुटत गेली. इंधनापाठोपाठ खते, बियाणे, ट्रॅक्टर, तुषार सिंचनाचे साहित्य, प्लॅस्टिकचे पाइप अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी आल्या. वरवर पाहता हा साधा वितरणाचा धंदा होता. प्रत्यक्षात या काळात एक मोठी ठेव जमा होत होती, जी ताळेबंदात कोठेही दिसत नाही. कोणत्या गावच्या जमिनीला किती पाणी आहे, कोणता शेतकरी हंगाम संपल्यावर न विसरता उधारी चुकवतो, पंप बिघडला तर त्याला कोणाची आठवण येते, कोणत्या महिन्यात त्याच्या हाती पैसा खेळतो, या साऱ्या गोष्टींचे ज्ञान दुकानाच्या उंबरठ्यावर मिळत होते. पुढे नवे तंत्रज्ञान घेऊन शेतकऱ्याच्या बांधावर जाण्याची वेळ आली, तेव्हा ही ठेव कामास आली.

केळीच्या भुकटीतून पपेन

१९७८ मध्ये भवरलालजी व्यापारातून उत्पादनाकडे वळले. जळगावात केळीची भुकटी तयार करणारा एक जुना, डबघाईस आलेला कारखाना विक्रीस निघाला होता. तो त्यांनी ३० लाख रुपयांस घेतला. त्या काळी ही रक्कम मोठी होती आणि स्वतःजवळची पुंजी त्या मानाने अल्प. त्यातही केळीच्या भुकटीला बाजार नव्हता. अशा कारखान्याचे करायचे काय, हा प्रश्न कोणालाही पडला असता.

उत्तर मिळाले ते पपईत. कच्च्या पपईच्या सालीवर हलक्या चिरा पाडल्या की पांढरा चीक ओघळतो. तो गोळा करून, वाळवून, शुद्ध केला की पपेन नावाचे विकर तयार होते. औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया आणि पेयनिर्मिती या उद्योगांत त्याला जगभर मागणी आहे. केळीच्या भुकटीसाठी उभारलेली यंत्रसामग्री फेरफार करून या कामास जुंपण्यात आली. शुद्ध प्रतीचे पपेन जळगावहून परदेशी जाऊ लागले आणि शेतकऱ्याला पपईच्या फळाबरोबरच तिच्या चिकाचेही पैसे मिळू लागले.

जुन्या यंत्रातून नवा माल काढण्याचे हे धाडस पुढील वाटचालीचे बीज ठरले. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू झाले. इतरांचे पाइप विकणारा वितरक आता स्वतः पाइप बनवू लागला. ग्राहक मात्र तोच राहिला.

ठिबक : नळीपलीकडचा विचार

३० डिसेंबर १९८६ रोजी ‘जैन इरिगेशन सिस्टिम्स’ या कंपनीची नोंदणी झाली आणि भवरलालजींच्या आयुष्यातील मुख्य अध्याय सुरू झाला.

ठिबक सिंचनाची आधुनिक पद्धत इस्रायलमध्ये विकसित झाली. सिम्चा ब्लास या अभियंत्याच्या कल्पनेवर आधारित उत्पादन १९६० च्या दशकाच्या मध्यात हात्झेरिम या किबुत्झमध्ये सुरू झाले. भारतात १९७० च्या दशकात तिचे प्रयोग झाले होते. परंतु पद्धत रुजली नव्हती. भवरलालजींनी ती अमेरिकेत जवळून पाहिली, तेथून तंत्रज्ञान आणले आणि आधीचे प्रयत्न का फसले याचा विचार केला.

मोकाट पाणी देण्याच्या पद्धतीत पाटातून सोडलेले पाणी वाफ्यात पसरते. त्यातील काही उन्हाने उडून जाते, काही मुळांच्या खाली झिरपते, काही तणाला मिळते. खालच्या अंगाला पाणी साचते आणि वरचा भाग कोरडा राहतो. वीज रात्री येत असेल तर शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्याच्या भीतीत दारे धरावी लागतात. ठिबकमध्ये मुख्य पाइप, त्याला जोडलेला उपमुख्य पाइप, त्यातून पिकाच्या ओळीने जाणाऱ्या बारीक नळ्या आणि नळीवर ठरावीक अंतरावर बसविलेले ड्रिपर अशी रचना असते. पाणी थेट मुळांच्या कक्षेत थेंबाथेंबाने पोहोचते आणि जमीन सतत वाफशावर राहते, म्हणजे मुळांना ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात. पाण्यातच विरघळणारी खते सोडता येतात, त्यामुळे खताचाही अपव्यय टळतो. पिकानुसार पाण्याची बचत ३० टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक होते.

कागदावर हे सर्व सोपे दिसते. शेतात मात्र विहिरीच्या पाण्यातील गाळ आणि क्षार ड्रिपरच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात. जमिनीला उतार असेल तर दाब कमी-जास्त होतो, एका टोकाच्या झाडाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाच्या झाडाला थेंबभर पाणी मिळते. उंदीर-खारी नळ्या कुरतडतात. केवळ नळ्यांचे भेंडोळे विकून मोकळा होणारा विक्रेता या अडचणींच्या वेळी हजर नसतो, आणि एकदा फसलेला शेतकरी साऱ्या गावाला सावध करतो.

भवरलालजींचे खरे योगदान येथे आहे. त्यांनी ठिबकचा माल न विकता ठिबकची सेवा विकली. आधी शेताची पाहणी व्हावी, पाण्याची आणि मातीची तपासणी व्हावी, पीक आणि उतार पाहून आराखडा तयार व्हावा, योग्य गाळणयंत्र बसावे, जोडणी कंपनीच्या देखरेखीखाली व्हावी, आणि नंतर कृषितज्ज्ञाने येऊन पाणी व खत किती सोडावे ते समजावून सांगावे, अशी साखळी त्यांनी बांधली. नळ्या साफ कशा ठेवाव्यात, आम्लप्रक्रिया केव्हा करावी, हेही शिकविले जाऊ लागले. गावोगावचे जुने वितरक या साखळीचे दुवे झाले. ज्या घराने रॉकेल आणि खत दिले, तेच घर आता नवे तंत्र देत होते. म्हणून शेतकऱ्याने नव्या नळीवर विश्वास ठेवला.

१९९७ साली अमेरिकेतील सिंचन संघटनेने ‘क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार’ देऊन या कार्याची दखल घेतली.

केळी, कांदा आणि आधी ठरलेला भाव

पाणी वाचले तरी शेतकऱ्याच्या हाती अधिक पैसा येत नाही तोवर तंत्रज्ञान टिकत नाही. हे ओळखून कंपनीने पिकाकडे लक्ष वळविले. जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध. रावेर, यावल परिसरातील केळी देशभर जातात. पारंपरिक पद्धतीत कंद लावल्यापासून घड हाती येईपर्यंत सुमारे दीड वर्ष लागे आणि बाग एकसारखी येत नसे. कंपनीच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने तयार झालेली ‘ग्रँड नैन’ जातीची रोपे आणि त्यांना ठिबकची जोड मिळाल्यावर हा काळ साधारणतः ११ ते १२ महिन्यांवर आला. रोपे रोगमुक्त आणि एका वयाची असल्यामुळे घडही जवळपास एका वेळी कापणीस येऊ लागले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. भांडवल लवकर मोकळे होते आणि माल एकाच प्रतीचा मिळतो.

दुसरे उदाहरण पांढऱ्या कांद्याचे. निर्जलीकरण केलेल्या, म्हणजे पाणी काढून वाळविलेल्या कांद्याला परदेशात मागणी होती. त्यासाठी विशिष्ट प्रतीचा कांदा सातत्याने हवा होता. कंपनीने शेतकऱ्यांशी करार केले. बियाणे आणि मार्गदर्शन कंपनीचे, किमान भाव लागवडीपूर्वीच ठरलेला, आणि बाजारभाव त्याहून वर गेला तर त्या वाढीचा लाभ शेतकऱ्यालाही. कांद्याचा भाव कोसळला की शेतकऱ्याला तो रस्त्यावर ओतावा लागतो, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. आधी ठरलेल्या भावामुळे त्या भीतीतून त्याची सुटका झाली, आणि कारखान्याला हंगामात कच्चा माल मिळण्याची शाश्वती आली.

एकाच शेतकऱ्याला रोप देणे, पाण्याची व्यवस्था देणे, पीक कसे घ्यावे हे शिकविणे आणि शेवटी त्याचे पीक विकत घेणे, असे हे वर्तुळ पूर्ण झाले. शेतकरी एका ठिकाणी ग्राहक होता, दुसऱ्या ठिकाणी पुरवठादार. त्याचे भले झाल्याशिवाय कंपनीचे भले होणार नाही, अशी रचनाच त्यात होती.

वाट चुकली तेव्हा

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात देशात आर्थिक उदारीकरणाचे वारे वाहू लागले. भांडवली बाजार तेजीत होता, पैसा उभारणे सोपे झाले होते. त्या वातावरणात अनेक उद्योगसमूहांनी आपल्या परिचित क्षेत्राबाहेर पावले टाकली. जैन इरिगेशननेही टाकली. वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा, शेतीशी संबंध नसलेल्या व्यवसायांत कंपनीचा पैसा गुंतला.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या धंद्याची नाडी हाताला लागत नाही, त्यात नफा दिसण्यापूर्वी खर्च दिसू लागतो. दशकाच्या उत्तरार्धात कंपनी तोट्यात गेली, कर्जाचा बोजा वाढला, समभागाची किंमत घसरली. मूळ सिंचनाचा व्यवसाय सुदृढ असूनही त्याला लागणारे खेळते भांडवल इतरत्र अडकून पडले. बँकिंग व्यवहार जाणणाऱ्यांना हे दृश्य अपरिचित नाही. एका खात्यातील अडचण दुसऱ्या सशक्त खात्याला आजारी करते.

अशा वेळी बहुतेक उद्योजक परिस्थितीकडे बोट दाखवितात. मंदी होती, धोरण बदलले, व्याजदर वाढले, अशी कारणे सांगता येतात आणि ती अंशतः खरीही असतात. भवरलालजींनी वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देऊन भागधारकांची क्षमा मागितली. विस्ताराचा हा निर्णय चुकला होता, आणि त्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली.

जैन घरात वाढलेल्या व्यक्तीला क्षमायाचनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. संवत्सरीच्या दिवशी लहान-थोर सर्वांपुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याचा संस्कार आपल्याकडे आहे. घरात, उपाश्रयात, नातलगांत तो पाळला जातो. परंतु व्यवहारात, जेथे पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लागलेली असते, तेथे तो पाळणे कठीण. अपरिचित अशा हजारो भागधारकांसमोर, छापील अक्षरांत, नावानिशी क्षमा मागणे म्हणजे आपली पत आपल्या हाताने जोखमीत टाकणे होय. बाजाराचा अनुभव मात्र असा, की चूक झाकणाऱ्याची पत एकदम बुडते आणि ती मान्य करणाऱ्याला दुसरी संधी मिळू शकते.

पुन्हा उभारणी

क्षमायाचना हा शेवट नव्हता. त्यानंतर कृती होती. कंपनीने शेतीबाह्य व्यवसायांतून अंग काढून घेतले आणि सर्व शक्ती पुन्हा पाणी, पाइप आणि प्रक्रियाउद्योग यांवर केंद्रित केली. २००२ साली ‘ॲक्वा इंटरनॅशनल पार्टनर्स’ या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने कंपनीत भांडवल घातले. त्यासाठी मालकीचा मोठा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यावा लागला. ज्या घराने सात हजारांपासून धंदा उभा केला, त्या घराला हे सोपे गेले नसणार. परंतु संस्था जगविण्यासाठी आपला वाटा कमी करून घेण्याची तयारी त्यांनी दाखविली. मालकीचा मोह आणि संस्थेचे हित यांत जेव्हा निवड करावी लागते, तेव्हा अनेक पेढ्या मोह निवडतात आणि दोन्ही गमावतात.

पुढील दशक भरभराटीचे गेले. २००६ मध्ये कंपनीने अमेरिकेतील ‘चॅपिन वॉटरमॅटिक्स’ ही ठिबक क्षेत्रातील आद्य कंपन्यांपैकी एक विकत घेतली. २००७ मध्ये इस्रायलच्या ‘नानदान’ या सिंचन कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि २०१२ मध्ये उरलेला निम्माही घेतला. ज्या दोन देशांकडून भारताने ठिबकचे धडे घेतले, तेथील कंपन्या आता जळगावच्या छत्राखाली आल्या होत्या. २००८ साली भारत सरकारने भवरलालजींना ‘पद्मश्री’ने गौरविले.

जैन हिल्स, कांताई आणि गांधीतीर्थ

जळगाव शहराबाहेरील ओसाड टेकड्यांवर भवरलालजींनी ‘जैन हिल्स’ उभे केले. पावसाचे पाणी अडविणे, ते मुरविणे, खडकाळ उतारावर झाडे जगविणे असे जे काही ते शेतकऱ्याला सांगत, ते आधी येथे करून दाखविले जाई. देशभरातून येणारे शेतकरी हे पाहतात आणि डोळ्यांनी पाहिलेले पटकन मनावर घेतात. शेतकऱ्याला पुस्तकाहून शेजारच्या बांधावरचे पीक अधिक शिकविते, हे दुकानदारीच्या दिवसांतच त्यांना कळले होते.

त्यांच्या सहधर्मचारिणी कांताबाई, म्हणजे सर्वांच्या ‘कांताई’, यांचे २००५ मध्ये निधन झाले. एकत्र कुटुंबाचा मोठा संसार, कार्यकर्त्यांचा आणि पाहुण्यांचा राबता, आणि पतीचे दीर्घकाळचे हृदयविकाराचे दुखणे, हे सारे सांभाळणाऱ्या या गृहिणीविषयी भवरलालजींनी ‘ती आणि मी’ हे मराठी पुस्तक लिहिले. व्यापारी घरांत पेढीवर नाव पुरुषांचे असते. परंतु पेढीमागचे घर कोण उभे ठेवते, याची लेखी नोंद क्वचितच होते. या पुस्तकाने ती केली.

भवरलाल आणि कांताबाई जैन फाउंडेशनच्या द्वारे शिक्षण, आरोग्य आणि साहित्य या क्षेत्रांत कार्य झाले. ‘अनुभूती’ ही निवासी शाळा २००७ मध्ये सुरू झाली आणि पुढे गरीब कुटुंबांतील मुलांसाठी स्वतंत्र शाळाही निघाली. शेतकरी-कवी ना. धों. महानोर यांच्याशी त्यांची घनिष्ठ मैत्री होती. शेती, पाणी आणि शब्द यांवर दोघांचेही सारखेच प्रेम.

२५ मार्च २०१२ रोजी जैन हिल्सवर ‘गांधीतीर्थ’चे उद्घाटन झाले. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, ज्या स्वतः जळगावच्या कन्या, त्यांच्या हस्ते ते झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी या संस्थेचे मार्गदर्शक होते. ‘खोज गांधीजी की’ हे संग्रहालय आणि महात्माजींच्या लेखनाचे, पत्रांचे, छायाचित्रांचे जतन करणारे संशोधन केंद्र येथे आहे. धनिकाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त मानावे, हा गांधीजींचा विचार. गांधीजींच्या मनावर मुंबईतील जवाहिऱ्याची पेढी सांभाळणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांचा खोल प्रभाव होता, हे सर्वविदित आहे. अपरिग्रह आणि विश्वस्तवृत्ती या दोन विचारांचे नाते एका जैन उद्योजकाने उभारलेल्या गांधीतीर्थात सहज दिसून येते.

त्यांच्या पश्चात

वारशाची चर्चा केवळ गौरवाने पूर्ण होत नाही. भवरलालजींच्या चारही पुत्रांनी त्यांच्या हयातीतच व्यवसायाची धुरा उचलली होती. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, कंपनीला पुन्हा एकदा कर्जफेडीच्या गंभीर अडचणीला तोंड द्यावे लागले.

या व्यवसायाची रचना समजून घेतली तर या अडचणीचे एक मूळ ध्यानात येते. ठिबक संचावर सरकार अनुदान देते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. परंतु अनुदानाची रक्कम सरकारी तिजोरीतून येण्यास विलंब लागतो. माल शेतात बसलेला असतो, विक्री हिशेबात आलेली असते, पैसा मात्र येणे राहतो. दरम्यान कच्च्या मालाचे पैसे, पगार आणि बँकेचे व्याज थांबत नाही. येणे वाढत जाते, ते भागविण्यासाठी कर्ज वाढते, आणि वाढत्या व्याजात नफा विरतो. कागदावर नफ्यात असलेली पेढी रोकडीअभावी अडते, ती अशी.

२०२२ मध्ये धनकोंशी कर्जाच्या पुनर्रचनेची योजना पूर्ण झाली. मार्च २०२३ मध्ये कंपनीने आपला परदेशांतील सिंचनव्यवसाय ‘रिव्हुलिस’ या कंपनीत विलीन केला आणि त्यातून कर्जाचा मोठा भार उतरला. ज्या परदेशी कंपन्या अभिमानाने जोडल्या होत्या, त्यांची मालकी सोडून मूळ व्यवसाय वाचविण्याची निवड पुढच्या पिढीला करावी लागली. वीस वर्षांपूर्वी पित्याने जी निवड केली होती, तिच्याशी या निवडीचे साम्य आहे. विस्तारात आनंद असतो. परंतु घट सोसून मूळ राखणे हेही व्यापाराचेच अंग आहे, आणि प्रत्येक पिढीला ते स्वतः शिकावे लागते.

पेढीवरच्या तरुणांसाठी

आज आपल्या घरांतील मुले-मुली अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन परततात, तेव्हा अनेकांना वडिलांची किराणा, कापड वा कृषी साहित्याची पेढी जुनाट वाटते. तंत्रज्ञानाचा उद्योग म्हणजे बंगळुरू किंवा परदेश, अशी समजूत असते. भवरलालजींचे उदाहरण या समजुतीला छेद देते. जगातले प्रगत तंत्र जळगावसारख्या जिल्ह्याच्या गावी आणता येते; मात्र तेथील ग्राहकाची जमीन, त्याचे पाणी, त्याचा हंगाम आणि त्याची अडचण ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते रुजविता येते. हे ज्ञान पेढीवरच मिळते. जुन्या वितरकांच्या उधारीच्या वह्यांत उद्याच्या उद्योगाची माहिती दडलेली असते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. उलाढाल वाढली म्हणजे व्यवसाय वाढला असे नव्हे. येणे किती दिवसांत वसूल होते, सरकारकडून वा मोठ्या ग्राहकाकडून किती रक्कम अडकली आहे, आणि उद्या ती उशिरा आली तर पगार व व्याज कोठून द्यायचे, हे तीन प्रश्न दर महिन्याला विचारणारी पेढी सहसा अडत नाही. दिवाळीला वहीपूजन करताना नफ्याच्या आकड्याबरोबर हातातील रोकडीचा आकडाही पाहावा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत मोलाची. धंद्यात चूक होते. भागीदाराचा, ठेवीदाराचा, धाकट्या भावाचा पैसा आपल्या निर्णयामुळे बुडतो. तेव्हा एकत्र कुटुंबांत अबोला सुरू होतो, वाटण्या होतात, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या जातात. बहुतेक वेळा ही भांडणे पैशाच्या हानीइतकीच, चूक कोणीही मान्य न केल्यामुळे पेटलेली असतात. ‘निर्णय माझा होता, तो चुकला’ हे एक वाक्य वेळीच उच्चारले गेले, तर कितीतरी घरे आणि पेढ्या तुटण्यापासून वाचतील. भवरलालजींनी ते साऱ्या देशासमोर उच्चारले, आणि मग ते सिद्ध करण्यासाठी आपला वाटा कमी करून घेऊन कामाला लागले.

‘सार्थक करूया जन्माचे, रूप पालटू वसुंधरेचे’ हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद आहे. आज खानदेशातील केळीच्या बागेत, मराठवाड्यातील मोसंबीत वा नाशिकच्या द्राक्षवेलींखाली काळ्या नळीतून पाण्याचे थेंब पडताना दिसतात. त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी भवरलालजींना कधी पाहिलेही नसेल. विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरते आहे आणि रात्री दारे धरायला उठावे लागत नाही, एवढेच त्यांना ठाऊक आहे. सात हजार रुपयांच्या त्या भांडवलाचे हे व्याज अजून जमा होत आहे.